मी पास्कूकाकांना माफ केलं

ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. घरी सांगितली असती तर आईने ‘जाऊ दे रे’ म्हटलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. मित्रांनी विषय बदलला असता. सरांना — नाही, सरांना तर नाहीच. म्हणून तुम्हाला सांगतोय. तुम्ही मला ओळखत नाही. ते बरंच आहे. मला ओळखणारी माणसं माझ्यावर फार लवकर विश्वास ठेवतात.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ‘लहान होतास’, ‘घाबरला असशील’, ‘घरातून पहिलाच शिकायला बाहेर पडलेला’ — यातलं काहीही मला चालणार नाही. ही वाक्यं मी स्वतःला पुष्कळ वेळा ऐकवली आहेत. ती मऊ आहेत, उबदार आहेत आणि खोटी आहेत.

आमचं गाव मालवणपासून आत, नांदगावच्या बाजूला. भात, थोडे काजू, दोन म्हशी. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, आणि कौतुक म्हणून तर मुळीच नाही. सांगतोय अशासाठी, की या एका गोष्टीने मला एक चेहरा दिला — सरळ मुलाचा चेहरा. प्रवेशाच्या खिडकीपासून ग्रंथालयापर्यंत प्रत्येकजण माझ्याकडे बघून म्हणायचा, पोरगा सरळ आहे. मी बोलताना अडखळतो, त्यामुळे ते आणखी खरं वाटायचं. अडखळणारा माणूस खोटं कसा बोलेल?

बोलतो. चांगलं बोलतो.

रीना माझ्या वर्गात होती. तिचं घर मालवणच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. तिचे वडील पास्कूकाका — पास्कू फर्नांडिस — पर्यटकांना होडीतून फिरवायचे. डॉल्फिन, खाडी, वाळूचा दांडा, असं सगळं. होडीचं नाव ‘स्टेला’. त्या धक्क्यावर अशा बऱ्याच होड्या होत्या आणि त्या नंबराने सुटायच्या. आपला नंबर आल्याशिवाय कोणी गिऱ्हाईक भरायचं नाही. हा नंबर सांभाळायला त्यांच्याकडे ना वही होती ना पाटी. एक लाल फडका होता. ज्याच्या हातात फडका, त्याने माणसं भरायची. होडी भरली की तो फडका पुढच्याच्या हातात द्यायचा आणि मगच दोर सोडायचा. धक्क्यावर ठेवून जायचं नाही, खुंटीला अडकवायचं नाही, पोराकडे पाठवायचं नाही. हातातून हातात. कोणी विसरून फडका घेऊन निघाला तर पुढचा हात बांधून बसून राहायचा, गिऱ्हाइकाने कितीही घाई केली तरी. हे मी स्वतः पाहिलंय.

मग पलीकडे दुसरा धक्का झाला. अर्ध्या होड्या तिकडे लागायला लागल्या. हातातून हात पोचेना. भांडणं व्हायला लागली. तेव्हा रीना म्हणाली, आपण प्रोजेक्टला हेच घेऊया का? दोन्ही धक्क्यांवर एकेक पडदा लावायचा, आणि कोणाचा नंबर ते पडद्यावर दिसेल.

कल्पना तिची होती. हेही मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. पण ही ती गोष्ट नव्हे.

ती गोष्ट सांगतो. थोडं जावास्क्रिप्टबद्दल सांगावं लागेल, पण फार नाही.

प्रोग्रॅममधली काही कामं सांगितल्याबरोबर होत नाहीत. सर्व्हरला काही विचारलं की उत्तर यायला वेळ लागतो, आणि प्रोग्रॅम तोवर थांबून राहत नाही, पुढच्या ओळीवर जातो. अशा वेळी फंक्शन तुमच्या हातात उत्तर ठेवत नाही. उत्तर देईन असं वचन ठेवतं. त्याला प्रॉमिसच म्हणतात. कामं एकामागून एक करून घ्यायची असतील तर ही वचनं साखळीसारखी जोडायची — हे पुरं झालं की मग ते, ते पुरं झालं की मग पुढचं. माझ्या साखळीत तीन कामं होती. पहिलं, सुटलेल्या होडीची नोंद सर्व्हरवर करायची. दुसरं, सर्व्हरला विचारायचं, आता कोणाचा नंबर? आणि आलेलं नाव एका ठरलेल्या जागी ठेवायचं. तिसरं, घंटा वाजवायची आणि त्या जागी जे नाव असेल ते पडद्यावर आणायचं.

साखळीत एक अट असते. प्रत्येक कडीने आपलं वचन ‘रिटर्न’ करायचं, म्हणजे पुढच्या कडीच्या हातात द्यायचं. दिलं तर पुढची कडी थांबते. न दिलं तर तिला वाटतं, थांबण्यासारखं काही नाहीच, आणि ती चालू लागते. चूक झाली असं कोणी ओरडत नाही. लाल अक्षरात काही येत नाही. सगळं सुरळीत चालल्यासारखं दिसतं.

धक्क्यावरच्या लोकांना हे समजावताना मी काय म्हणालो, माहीत आहे? म्हणालो, माझ्या प्रोग्रॅममध्येसुद्धा तुमचा फडका आहे. होडीवाल्यांचे म्होरके भाई तांडेल तेव्हा पडद्यावर बोटाने टकटक करत हसले होते. “बाळा, तुझो डबो बोलता बरो. पण वारो सुटलो की तो खंय जातलो?” सगळे हसले. मीही हसलो. मला ते लोक आवडायचे — आवडतात.

आणि दुसऱ्या कामात मी ‘रिटर्न’ लिहिलंच नव्हतं.

या चुकीची मला लाज नाही. स्पष्ट सांगतो. ही चूक ज्याने कधी केली नाही त्याने प्रॉमिसची साखळी कधी लिहिलेली नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये ती दिसली नाही, कारण तिथे नेट जोरात होतं. घंटा वाजून संपेपर्यंत सर्व्हरचं उत्तर येऊन त्या जागी बसलेलं असायचं. पडद्यावर बरोबर नाव यायचं. मी पुन्हा पुन्हा तपासलं होतं. दर वेळी बरोबर. मग मला संशय कशाला येईल?

पण त्या जागेबद्दल आणखी एक सांगायचं राहिलं. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला ती जागा मी कोरी करायचो. सर्व्हर जोडायच्या आधी चाचणी केली की त्यामुळे पडदा रिकामा यायचा, आणि तो रिकामा पडदा बघायला मला आवडायचं नाही. म्हणून कोरी करण्याऐवजी मी तिथे एक नाव घालून ठेवलं. तात्पुरतं. नंतर काढून टाकेन म्हणून. कुठलं नाव? त्या धक्क्यावरचं मला माहीत असलेलं पहिलं नाव. ज्या घरात मला खाडीची कालवं आणि गरम पाव मिळायचा त्या घराचं नाव.

स्टेला.

दिवाळीची सुट्टी लागली आणि पडदे धक्क्यांवर लागले. पहिला दिवस. आंबोलीचा घाट बघून खाली उतरलेल्या गाड्या, लहान मुलं, टोप्या, आरडाओरडा. रीना पलीकडच्या धक्क्यावर, मी अलीकडे. आदल्या दिवशी सगळ्या होडीवाल्यांनी एकमताने ठरवलं होतं — उद्यापासून पडदा सांगेल ते शेवटचं. सकाळी बरोबर चाललं. मग गर्दी वाढली, आलेला प्रत्येकजण फोटो पाठवायला लागला आणि धक्क्यावरची रेंज मेली. आता घंटा वाजून संपायची तरी उत्तर आलेलं नसायचं. पडद्यावर काय येणार? त्या जागी जे ठेवलेलं होतं ते.

स्टेला. मग दुसरी एक होडी. मग पुन्हा स्टेला. मग लगेच पुन्हा.

पास्कूकाका पहिल्यांदा खूश होते, मग गोंधळले, मग पलीकडे बघून हात हलवत विचारायला लागले, खरंच मीच? पण पडदा सांगेल ते शेवटचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं. ते माणसं भरायचे, फेरी मारून यायचे, तोवर बाकीचे बसून. मागे बसून राहिलेल्यांच्यात टोमणे सुरू झाले. “पास्कू, मेल्या, तुझा नाव स्क्रीनार गोंदून घेतलंस काय रे?” कोणीतरी म्हणालं, “चेडू शिकला, बापूस तरलो.” मुलगी शिकली, बाप तरला. तेव्हाही हसू होतं. दुपार झाली आणि ज्यांची एकही फेरी झालेली नव्हती ते उठून उभे राहिले. मग कोणी हसत नव्हतं.

भाई तांडेलांनी सगळ्या होड्या थांबवल्या. धक्क्याजवळ पिंपळाखाली एक देवस्थान आहे, तिथे माणसं जमली. रीना पलीकडून धावत आली. मला तिचं वाक्य शब्दनशब्द आठवतं. ती सगळ्यांच्या मधोमध उभी राहून म्हणाली, “प्रोग्रॅम बरोबर आसा. विनून स्वतः तपासलो.”

विनू म्हणजे मी.

मी तेव्हा चहाच्या टपरीच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. आणि ती हे म्हणत असतानाच मला ते दिसलं. दुसऱ्या कामातली ओळ. तिच्या सुरुवातीला जो एक शब्द असायला हवा होता तो नव्हता. आणि वर, त्या जागी, माझ्या बोटांनी लिहिलेलं नाव.

मला कशाची भीती वाटली ते मी इथे लिहिणार नाही. लिहिलं तर ते कारण वाटेल. कारण नव्हतंच. मला वेळ होता. ऊन होतं, डोकं ठिकाणावर होतं. मी तो शब्द लिहिला. ते नाव खोडलं. फाईल सेव्ह केली. जुनी कुठे ठेवलेली नव्हती. आणि मग उठून पिंपळाखाली गेलो.

भाईंनी विचारलं ते अगदी साधं होतं. त्यांना प्रॉमिस कळत नव्हतं, पण नेमकं काय विचारायचं ते कळत होतं. “बाळा, खरा सांग. पास्कूच्या होडीचा नाव आधीपासून आत कोणी घातला?”

आणि मी म्हणालो, “होड्यांची नावं रीनाने भरली होती.”

बघा ना — हे खोटं नाही. होड्यांची यादी खरंच तिने भरली होती. सगळ्या होड्यांची, घरोघरी जाऊन, विचारून. मी एक खरं वाक्य उचललं आणि एका प्रश्नापुढे ठेवलं. मी ते पुस्तकी मराठीत बोललो, ऑफिसात बोलतात तसं. त्या धक्क्यावर मी त्याआधी कधी तसं बोललो नव्हतो. आणि हो — अडखळलो. नेहमीसारखाच. खाली बघून. जणू मैत्रिणीचं नाव घ्यायला मला जड जातंय.

सगळ्यांनी रीनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत होती. तिने तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती ते मला माहीत आहे. तुम्हालाही कळलं असेल. पण तिच्याआधी पास्कूकाका बोलले.

“तिका विचारू नकात. मीच तिका सांगलंय घालूक.”

हे तुम्हाला नीट कळावं म्हणून पुन्हा सांगतो. त्यांनी तसं काही सांगितलं नव्हतं. ती गोष्टच घडली नव्हती. पण त्यांनी माझं वाक्य ऐकलं, माझा चेहरा पाहिला आणि त्यांना ते खरं वाटलं. स्वतःच्या मुलीबद्दल खरं वाटलं. आणि वाटल्याबरोबर त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. आता रीना काय बोलणार होती? ‘मी नाव घातलं नाही’ असं तिने म्हटलं असतं तर बाप देवासमोर खोटं बोलला असं झालं असतं. तिने तोंड मिटलं. मी तिला मिटताना पाहिलं.

मग गाऱ्हाणं झालं. आमच्याकडे असं काही घडलं की देवासमोर बोलून मोकळं व्हायची रीत आहे. भाई हात जोडून पुढे झाले. “बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे उभी आसत. ज्येच्या कोणाच्या हातून हो नंबर मोडलो आसात, तेका तूच बरी बुद्धी दी रे म्हाराजा.” सगळे म्हणाले, “व्हय म्हाराजा!” पास्कूकाकाही म्हणाले. ते रविवारी चर्चला जातात आणि या पिंपळाखाली त्यांनी गाऱ्हाण्याला कायम साथ दिलेली आहे. आमच्या किनाऱ्यावर याचं कोणाला नवल वाटत नाही.

मीही म्हणालो. मोठ्याने.

हंगाम संपेपर्यंत स्टेलाचा नंबर बंद, असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी पडदे पुन्हा लागले. गर्दी तीच, रेंज तशीच मेलेली. पण आता साखळी थांबत होती. उत्तर आल्याशिवाय पडद्यावर नाव येत नव्हतं. दिवसभर एकदाही नंबर चुकला नाही. भाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, घोळ काढून टाकलंस ता बरा केलंस. म्हणजे काय झालं ते लक्षात येतंय ना? मी माझी चूक दुरुस्त केली आणि ती दुरुस्ती पास्कूकाकांविरुद्धचा पुरावा झाली. प्रोग्रॅम आता ठीक चालतोय, म्हणजे काल पास्कूनेच लबाडी केली होती. प्रत्येक बरोबर नाव दिवसभर हेच सांगत राहिलं. मी पडद्याशेजारी उभा राहून ते ऐकलं.

कॉलेज सुरू झाल्यावर रीनाने मला जिन्यात गाठलं. आवाज चढवला नाही. “विनू, ता नाव आत कसा गेला?”

मी म्हटलं, माहीत नाही.

ती म्हणाली, “तुका म्हायत नाय.” प्रश्न नव्हता तो. आणि ती वर गेली. प्रोजेक्टवर पुढे माझं एकट्याचंच नाव राहिलं. तिने स्वतःचं काढून टाकायला सांगितलं, असं सर म्हणाले. सरांनी कारण विचारलं नाही. मी सांगितलं नाही. वर्ष संपल्यावर ती मडगावला मावशीकडे गेली आणि तिथल्या कॉलेजात शिकायला लागली.

आता तुम्हाला वाटेल, झालं, हीच ती कबुली. मलाही बरेच दिवस वाटत होतं की हीच. मी ती मनात पुष्कळदा घोळवली आहे. इथवर सांगायला मला फारसं जड जात नाही, खरं सांगायचं तर. चूक झाली, लपवली, दुसऱ्यावर ढकलली. असं माणसं करतात. वाईट आहे, पण कळण्यासारखं आहे. तुम्ही कदाचित मानही हलवली असेल.

हलवू नका. ही ती नाही.

पुढच्या हंगामाच्या तोंडाशी मी मालवणच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा होतो. पास्कूकाका समोरून आले. हातात पिशवी, अंगावर चर्चला जायचा शर्ट. मी तोंड फिरवणार होतो, पण त्यांनी आधीच हात वर केला. जवळ आले. आईची चौकशी केली, म्हशींची केली. परीक्षा कशी गेली, विचारलं. मी होडीचं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. स्टेला घरामागे उपडी घातली आहे, वर माडाची झापं टाकली आहेत, सध्या दुसऱ्यांच्या जाळ्यावर जातो. नंबर परत मिळत होता, पण गेलो नाही. “लोक तोंडावर बोलनत नाय रे. पण होडी भरताना बघतत.”

मग त्यांनी खिशातून रुमाल काढला, पुन्हा ठेवला. आणि म्हणाले, “बाळा, चेडवान तुझ्या कामात तसा करूक नको होता. तू एवढी म्हेनत केलंस. मी तिका कधी बोललंय नाय, पण माझ्या मनात आसा. तिच्या वतीन मी तुझी माफी मागतंय.”

त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले. पूर्ण नाही — स्टँडवर लोक होते — छातीपाशी, अर्धेच.

तिथे भाई नव्हते. सर नव्हते. सभा नव्हती, देव नव्हता. माझं काही जाणार नव्हतं. एक वाक्य — नाही काका, ते मी केलं — एवढं एक वाक्य. ऐकायला फक्त ते होते. आणि मी काय म्हणालो?

मी म्हणालो, “असू दे काका. मी मनात ठेवलेलं नाही.”

मी त्यांना माफ केलं.

आणि त्यांना बरं वाटलं. हे तर मी विसरूच शकत नाही. त्यांचा चेहरा सैल झाला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, तू बऱ्या मनाचो आसस. एसटी आली. मी चढलो, खिडकीत बसलो आणि हात हलवला.

याला काय नाव देणार? घाबरलो म्हणणार? कोणाला? त्यांना? ते माझ्यापुढे हात जोडून उभे होते. मी तेव्हा घाबरलेलो नव्हतो. मला ते आवडलं. क्षणभर, पण आवडलं. एक मोठा माणूस माझी माफी मागतोय आणि मी ती देतोय — त्या जागेवर उभं राहायला मला बरं वाटलं. आमच्या घराण्यात त्या जागेवर कोणी उभं राहिलेलं नाही. बाबा आयुष्यभर दुसऱ्यांपुढे तसेच हात जोडत आलेत, अर्धे, छातीपाशी. आणि मी शिकलो, आणि शिकून पहिल्यांदा त्या हातांच्या दुसऱ्या बाजूला गेलो, तो असा. शिक्षणाने मला काय दिलं असं कोणी विचारलं तर हेही सांगावं लागेल.

म्हणूनच ती ‘पहिल्या पिढीचा’ वगैरे म्हणणारी सहानुभूती मला नको आहे. तीच तर मी वापरली. ज्यांची घरं शिकलेली आहेत त्यांना हे सोंग जमलंच नसतं. त्यांच्यावर इतक्या लवकर कोणी विश्वास ठेवला नसता.

गेल्या नारळी पौर्णिमेला होडीवाल्यांच्या सभेत मला शाल आणि नारळ दिला. मी घेतला. फोटोत मी खाली बघतोय. लोक म्हणाले, केवढा नम्र. यंदाची सभा आता जवळ आली आहे. भाईंचा फोन आला होता, पडदे नवीन घेतलेत, तू येऊन जोडून दे. मी येतो म्हणालो.

जाणार आहे. पडदे जोडीन, आणि मग पिंपळाखाली उभा राहून सगळ्यांसमोर सांगेन. प्रॉमिस आणि रिटर्न त्यांना समजावत बसणार नाही. समजावायला लागलो की पुन्हा मी शहाणा आणि ते ऐकणारे, असं होईल. शिवाय तसं सांगितलं की चूक यंत्राची वाटते. यंत्राची नव्हती. मी कसलं देणं फेडायला जातोय, असंही नाही. स्टेलाच्या गेलेल्या फेऱ्या परत येणार नाहीत. मडगावला गेलेली मुलगी माझ्या बोलण्याने घरी येणार नाही. यावी असं म्हणण्याचा मला हक्क नाही. सभेनंतर धक्क्यावर मला कोणी पाणी विचारलं नाही तर ते योग्यच आहे, आणि ते योग्य आहे असं म्हणतानासुद्धा मी चांगला माणूस ठरत नाही.

पण सभेच्या आधी एक काम आहे. सभेत सांगितलेलं पास्कूकाकांना दुसऱ्याच्या तोंडून कळता कामा नये. त्यांना सभेला बोलावणं नसतं आता. म्हणून आधी त्यांच्या घरी. सकाळची गाडी मिळाली तर ते जाळ्यावरून परतायच्या सुमाराला मी पोचतो. दारात काय होईल ते मी ठरवून ठेवलेलं नाही. ते आत ये म्हणोत, नाहीतर हाकलोत. मी पायऱ्यांवर उभा राहीन, त्यांच्या तोंडाकडे बघीन आणि एवढंच सांगेन —

काका, ता नाव मी घातलेलंय. तुमच्या चेडवान नाय. स्टँडार तुमी माझी माफी मागलात, तेव्हाय माका म्हायत होता.